यकृतातल्या चांदण्या आणि माझ्या कोपरावरचा वण

रामबागकर
शनिवार, रात्री १०.४०

मंडळी, फार दिवसांनी धागा काढतोय. विषय जरा विचित्र आहे, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात आम्ही चार निवृत्त मित्रांनी मिळून पोटाची सोनोग्राफी करून घेतली. एकट्याला जायची भीती वाटते, चौघं असले की सहल होते. बाकी तिघांचं काही निघालं नाही. माझ्या रिपोर्टात 'फॅटी लिव्हर, ग्रेड टू'. आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही हो! मुलीने लगेच पुढची तपासणी लावली, फायब्रोस्कॅन.

ज्यांनी केली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तीन तास उपाशी ठेवतात. उताणं झोपवलं, उजवा हात डोक्याखाली, बरगड्यांच्या खाचेत थंडगार जेल आणि त्यावर एक जाडसर दांडा टेकवला. मग आतून टिचकी बसते. कॅरमच्या सोंगटीला मारतो ना, तश्शी. दुखत नाही, पण प्रत्येक वेळी दचकायला होतं. अशा दहा टिचक्या, आणि दर टिचकीला पडद्यावर एक तिरकी रेघ. टेक्निशियन मुलगा म्हणाला, "काका, रेघ जितकी खडी तितकं लिव्हर कडक." शेवटी कडकपणाचा आकडा आला ८.९ किलोपास्कल. डॉक्टर म्हणाले, आत स्कार पडायला सुरुवात झाली आहे, एफ-टूच्या आसपास. वणाच्या पायऱ्या एफ-शून्य ते एफ-फोर.

आता माझा पेच. माझ्या डाव्या कोपरावर एक वण आहे. १९८१ साली इंदूरच्या कृष्णपुरा पुलाच्या उतारावर सायकल घसरली होती, तेव्हापासूनचा. चाळीसहून जास्त वर्षं झाली, एक सूतभर हललेला नाही. आणि हे डॉक्टर सांगून राहिले की लिव्हरमधला वण मागे हटू शकतो! कोपराचा का हटत नाही मग?

दुसरं, घरी येऊन वाचत बसलो तर लिव्हरमध्ये वण करणाऱ्या पेशीचं नाव निघालं तारकापेशी. चांदणीच्या आकाराची. भाचा म्हणतो, मामा, मेंदूतसुद्धा चांदणीच्या आकाराच्या पेशी असतात आणि त्याही वण करतात. या दोघी बहिणी की नुसतं नाव सारखं? जाणकारांनी उजेड पाडावा.

भियाजी
शनिवार, रात्री ११.०५

काका, रात्री पावणेअकराला लिव्हरचा धागा? मी सराफ्यातल्या खाऊगल्लीत उभा आहे, हातात तळलेला गराडू. आता खाऊ की टाकू?

रामबागकर
शनिवार, रात्री ११.१२

खा रे बाबा. तुझं वय आहे.

पॅथवाली
रविवार, सकाळी ७.१५

वय नाही हो काका, हल्ली तिशीतल्या पोरांच्या बायोप्सी येतात माझ्याकडे. भियाजी, ऐकताय ना?

आधी ते 'दारूचा थेंब नाही' मनातून काढा. पोटाचा घेर, साखर, ट्रायग्लिसराइड आणि आपल्या माळव्यात पोह्यांपासून वरणापर्यंत सगळ्यावर होणारी शेवेची पेरणी, एवढं लिव्हरला पुरतं. २०२३ मध्ये या आजाराच्या नावातला 'नॉन-अल्कोहोलिक' शब्दच काढून टाकला, कारण कशाने झाला ते सांगायचं सोडून कशाने नाही झाला तेच ते नाव सांगत होतं.

आता चांदणी. लिव्हरच्या मुख्य पेशी ओळीने बसलेल्या असतात आणि ओळींमधून रक्ताच्या बारीक वाटा जातात. वाट आणि ओळ यांच्यामध्ये एक चिंचोळी फट असते, डिसची फट म्हणतात तिला. दोन वाड्यांच्या भिंतींमध्ये मांजर जाईल एवढाच बोळ असतो ना, तशी. त्या बोळात ही तारकापेशी राहते, हातपाय पसरून रक्तवाटेला कवटाळून. लिव्हरच्या शंभर पेशींत जेमतेम पाच ते आठ. पोटात तेलाचे थेंब आणि त्या थेंबांत 'अ' जीवनसत्त्व. शरीरातला 'अ'चा मोठा साठा या एवढ्याशा पेशींकडे असतो. ध्रुवीय अस्वलाचं लिव्हर खाऊन दर्यावर्दी आजारी पडायचे, कातडी सोलून निघायची, ते याच साठ्यामुळे.

तिच्या नावाची गंमत सांगते. १८७६ साली कुप्फर नावाचे शरीररचनातज्ज्ञ लिव्हरमधल्या मज्जातंतूंचा शोध घेत होते. गोल्ड क्लोराइड वापरून कापं रंगवली, तर मज्जातंतू राहिले बाजूला, काळ्या चांदण्या दिसल्या. नाव दिलं 'स्टेर्नत्सेलन', म्हणजे तारकापेशीच. पुढे १८९८ मध्ये त्यांचीच गल्लत झाली. रक्तवाटेत बसून कचरा गिळणाऱ्या शेजारच्या पेशी त्यांना आपल्या चांदण्या वाटल्या, आणि 'कुप्फर पेशी' हे नाव त्या शेजारणीला चिकटलं. ते आजपर्यंत. १९५१ मध्ये जपानच्या तोशिओ इतोंनी चरबी साठवणाऱ्या पेशी म्हणून हिचंच पुन्हा बारसं केलं. मग १९७१ मध्ये केंजिरो वाके यांनी कुप्फरची जुनी सोन्याची रीत पुन्हा करून दाखवलं की इतोंची पेशी आणि कुप्फरची चांदणी एकच. माहेरचं नाव एक, सासरचं एक, आणि हिच्या नावाची पाटी शेजारणीच्या दारावर. १९९६ मध्ये एकदाचं सर्वांनी मिळून एक नाव ठरवलं.

महत्त्वाचं पुढे आहे. लिव्हरच्या पेशी पुन्हा पुन्हा दुखावल्या की ही 'अ'चे थेंब टाकून देते, फांद्या आवरते, लांबट होते, स्नायूसारखी आकसू लागते आणि कोलॅजन, म्हणजे वण ज्याचा बनतो ते धाग्यांचं प्रथिन, ओतत सुटते. म्हणजे वण करताना ती चांदणी उरलेलीच नसते. ट्रायक्रोम रंग दिला की माझ्या स्लाइडवर पेशी लाल आणि कोलॅजन निळं दिसतं. फॅटी लिव्हरमध्ये सुरुवातीला ही निळी जाळी मधल्या शिरेभोवती एकेका पेशीला वेढत जाते, कोंबडीच्या खुराड्याच्या जाळीसारखी. एफ-फोर म्हणजे सिऱ्हॉसिसला निळ्या भिंतीच उभ्या राहतात आणि भिंतींच्या आत लाल पेशींची बेटं. काका, तुमच्याकडे अजून भिंती नाहीत. जाळी आहे.

दवाखान्यात जायची वेळ झाली. वण का हटतो ते रात्री लिहिते.

नाना_ग्वाल्हेर
रविवार, सकाळी ९.३०

पॅथताई, उत्तम. एक भाषेचं खुसपट काढतो. संस्कृतात 'व्रण' म्हणजे जखम. त्याचा मराठीत 'वण' झाला आणि अर्थ सरकून जखमेमागे उरलेली खूण असा झाला. पण हा अर्थ हवेतून आलेला नाही. सुश्रुताने सूत्रस्थानात व्रण शब्दाची फोड करताना असंच म्हटलंय, की भरून आल्यावरही त्याची जागा देह असेपर्यंत पुसली जात नाही, म्हणून तो व्रण. रामबागकरांच्या कोपराचं वर्णनच म्हणा ना.

आणि तरीही त्याच सुश्रुताने व्रणाच्या सात उपक्रमांत शेवटचा 'वैकृतापह' ठेवला आहे. भरलेल्या जागेचा रंग आणि केस पूर्ववत आणायचे उपाय. म्हणजे जात नाही हे माहीत होतं, पण प्रयत्न सोडला नव्हता.

लिव्हरसाठी रोज सकाळी गुळवेलीचा काढा सुरू करा असा माझा सल्ला.

सुईदोरा
रविवार, दुपारी १.२०

मी बडोद्याची. शिवणकाम करते, रफूही करते. डॉक्टरकीतलं कळत नाही, पण 'कोपराचा वण हटत का नाही' हे वाचून हात शिवशिवले.

फाटलेल्या कापडाचे दोन इलाज असतात, ठिगळ आणि रफू. रफू करायचा तर मी त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे काढते. मग फाटलेल्या जागी एकेक धागा उभ्याआडव्यात वर-खाली घालत मूळ वीण पुन्हा बसवते. बोटभर जागेला दोन तास जातात आणि डोळे फुटतात. पण नीट जमला तर नवऱ्यालाही सापडत नाही कुठे होता ते. ठिगळ पाच मिनिटांत. पाऊस आत येत असेल तर ठिगळच लावणार ना माणूस?

माझ्या मते काकांच्या कोपरावर ठिगळ आहे.

पॅथवाली
रविवार, रात्री ९.५०

सुईदोरा ताई, हे मी विद्यार्थ्यांना सांगणार, तुमच्या नावावर.

अगदी असंच आहे. धडक्या कातडीत कोलॅजनचे धागे टोपलीच्या विणीसारखे सगळ्या दिशांनी गुंतलेले असतात. वणात ते एकाच दिशेने, समांतर, ताणाच्या रेषेत. जखम उघडी राहिली तर जंतू शिरणार आणि रक्त जाणार, म्हणून शरीर घाई करतं. तीन आठवड्यांनी जागेची ताकद मूळच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते, तीन महिन्यांनी ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते आणि तिथेच थांबते. ठिगळ मूळ कापडाइतकं कधीच होत नाही. गर्भात मात्र साधारण चोविसाव्या आठवड्याच्या आधी कातडीला जखम झाली तर ती वण न ठेवता भरते. तिथे पाऊस नाही ना.

पण 'सूतभर हललेला नाही' हे काही खरं नाही काका. वण बाहेरून स्वस्थ दिसतो, आत सतत जुनं कोलॅजन तुटतं आणि नवं बसतं. पुरावा हवा तर १७४० च्या दशकातली ब्रिटिश नौदलाच्या ॲन्सन यांची समुद्रसफर घ्या. खलाशांना स्कर्व्ही झाला, आणि एका म्हाताऱ्याची पन्नास वर्षांपूर्वी, १६९० च्या बॉयनच्या लढाईत झालेली आणि कधीचीच भरलेली जखम पुन्हा उघडली. कोलॅजन नीट बांधायला 'क' जीवनसत्त्व लागतं. ते संपलं तेव्हा तुटणं चालू राहिलं, बांधणं थांबलं. तुमच्या कोपरावर रोज डागडुजी चालते, फक्त जुन्या चुकीच्या विणीप्रमाणेच.

लिव्हरचं वेगळं कशामुळे? दोन गोष्टी. तिथल्या मुख्य पेशी वाढून जागा पुन्हा भरू शकतात. आणि दुखावणारं कारण थांबलं की जी गिळणारी शेजारीण, म्हणजे कुप्फर पेशी, वण पेटवायला मदत करत होती, तिच्याच जातीच्या पेशी आता कोलॅजन कापणारी विकरं (एन्झाइम) सोडतात. हिपॅटायटिस बी च्या औषधाचा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला होता. सुरुवातीला सिऱ्हॉसिस असलेल्या ९६ जणांची पाच वर्षांच्या उपचारानंतर पुन्हा बायोप्सी केली, त्यातल्या ७१ जणांत सिऱ्हॉसिस उरला नव्हता. आम्ही शिकत होतो तेव्हा सिऱ्हॉसिस म्हणजे परतीचं तिकीट नसलेली गाडी, असं परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत.

आणि त्या चांदण्यांचं काय होतं? २०१२ मध्ये उंदरांवर पाहिलं गेलं. कारण थांबल्यावर वण करणाऱ्या निम्म्या पेशी मरून गेल्या, उरलेल्या निम्म्या पुन्हा शांत झाल्या. पण पूर्वीसारख्या नाही. पुढच्या वेळी दुखावलं की त्या नव्यापेक्षा लवकर भडकतात. एकदा भांडून माहेरी जाऊन आलेली सून, असं माझी आजी म्हणाली असती.

नाना, गुळवेलीबद्दल मात्र मी हात जोडते. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या लिव्हरला सूज आल्याची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, हेही खरं. पण ज्याचं लिव्हर आधीच दुखावलंय त्याने आपल्या डॉक्टरांना न विचारता रोज काढा घेऊ नये.

नाना_ग्वाल्हेर
रविवार, रात्री १०.१५

गुळवेल म्हणून दुसरीच वेल बाजारात विकतात, तो दोष गुळवेलीचा नाही. आमच्या आजोबांनी नव्वदीपर्यंत घेतली.

पॅथवाली
रविवार, रात्री १०.२०

मान्य. पण रामबागकर काका बाजारातूनच आणणार ना?

भियाजी
रविवार, रात्री १०.२२

हे बेस्ट होतं. 😂

व्यवस्थापक
रविवार, रात्री १०.४०

आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी यावर आधीच तीन धागे आहेत. इथे वणांवरच राहू या.

अबोल_भाऊ
सोमवार, पहाटे २.१०

वाचत होतो, लिहिणार नव्हतो. मेंदूतल्या चांदण्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून विचारतो.

माझा धाकटा भाऊ चौदा महिन्यांपूर्वी गच्चीवरून पडला. पाठीच्या कण्यात इजा, कमरेखाली संवेदना नाही. कुणी तरी सांगितलं की आत तारकापेशींनी वण केला आहे, तोच नसा वाढू देत नाही, तो वण विरघळवला की होईल. एका ठिकाणी स्टेम सेलची इंजेक्शनं देतात, रक्कम फार मोठी आहे. आईने बांगड्या काढून ठेवल्या आहेत. खरं काय ते सांगा.

मेंदूचा_हमाल
सोमवार, सकाळी ८.४५

भाऊ, मी डॉक्टर नाही. इंदूरचाच, सुदामा नगरचा, सध्या बाहेर मज्जासंस्थेवर पीएच.डी. करतोय. माझं अर्धं आयुष्य याच पेशींचे फोटो काढण्यात जातं, म्हणून लिहितो. आधी तुमचा प्रश्न, मग बाकी.

पैसे देऊ नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या ठरावीक आजारांमधलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर मंजूर चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्याचे पैसे घेत नाहीत. रक्कम सांगितली, याचाच अर्थ ती चाचणी नाही. आईंच्या बांगड्या आईंकडे राहू द्या.

आता वण. ही पेशी लिव्हरमधलीची बहीण नाही. घराणंच वेगळं, फक्त दिसण्यावरून नाव. हिचं ॲस्ट्रोसाइट हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लेनहॉशेक या शरीररचनातज्ज्ञांनी दिलं. कण्याला इजा झाली की ॲस्ट्रोसाइट फुगतात, सरकतात आणि जखमेभोवती दाट कुंपण घालतात. पुष्कळ वर्षं सगळे म्हणत, हे कुंपणच खलनायक. त्यातले काही साखर जोडलेले प्रथिनांचे रेणू वाढणाऱ्या तंतूंना खरंच अडवतात. २००२ मध्ये उंदीरकुळातल्या प्राण्यांवर ते रेणू कापणारं विकर देऊन थोडी सुधारणा दिसलीसुद्धा.

पण २०१६ मध्ये सोफ्रोन्यू या संशोधकांच्या गटाने उंदरांमध्ये ॲस्ट्रोसाइटचं कुंपण होऊच दिलं नाही, किंवा झालेलं काढून टाकलं. मज्जातंतू आपोआप वाढायला हवे होते. नाही वाढले. उलट वाढीला चालना देणारे घटक सोडल्यावर तंतू वाढले ते कुंपण शाबूत असलेल्या प्राण्यांत, त्याच्यातून वाट काढत. कुंपण नसलं की सूज आजूबाजूला पसरते आणि उरलेलं निरोगी ऊतकही जातं, हे त्याआधीच दिसलं होतं. म्हणजे 'वण विरघळवला की होईल' हे सांगणारा अर्धीच गोष्ट सांगतोय. मोठ्या माणसाच्या कण्यातल्या तंतूंची वाढायची स्वतःची ताकदच फार कमी झालेली असते, खरी अडचण ती. हातापायातल्या नसा कापल्या तर दिवसाला मिलिमीटरभर वाढतात, कण्यातल्या नाही.

तुमच्या भावाचं काय होईल ते मी सांगू शकत नाही, सांगणं बरोबरही नाही. फिजिओथेरपी चालू ठेवा, पाठीवर-टाचांवर बेडसोअर होऊ देऊ नका, लघवीच्या नळीकडे लक्ष ठेवा. कण्याची इजा झालेल्यांना या साध्या गोष्टीच जास्त गाठतात.

अबोल_भाऊ
सोमवार, सकाळी ९.०५

आईला वाचून दाखवलं. उपकार.

सुईदोरा
सोमवार, सकाळी ९.३०

भाऊ, दर दोन तासांनी कूस बदलवता ना? माझे सासरे तीन वर्षं अंथरुणावर होते. चादरीची चुणीसुद्धा टोचते, त्यांना कळत नाही. चादर ताणून चारी टोकांना नाडी बांधा, सरकत नाही.

मेंदूचा_हमाल
सोमवार, रात्री १.४० (इथे संध्याकाळ)

रामबागकर काकांच्या प्रश्नाचा उरलेला भाग. लॅबमधून लिहितोय, त्यामुळे डोळ्यांसमोर जे आहे तेच सांगतो.

ॲस्ट्रोसाइट चांदणीसारखी दिसते ती आमच्या रंगामुळे. आम्ही तिच्या आतल्या एका प्रथिनाला रंग देतो, ते म्हणजे तिचा सांगाडा. काळ्या पडद्यावर हिरव्या चांदण्या दिसतात, मुखपृष्ठावर टाकण्यासारख्या. पण तीच पेशी पूर्ण रंगाने भरली की चांदणी गायब, समोर स्पंजचा गोळा किंवा दाट झुडूप येतं. सांगाड्यात तिच्या आकारमानाचा जेमतेम पंधरा टक्के भाग असतो. उरलेला भाग म्हणजे इतके बारीक धागे की आमच्या नेहमीच्या मायक्रोस्कोपला ते वेगळे दिसतच नाहीत. माणसाची एक ॲस्ट्रोसाइट मज्जापेशींमधल्या वीस लाखांपर्यंत जोडण्यांना हात लावून बसलेली असू शकते. सव्वाशे वर्षं आम्ही हाडं बघून माणसाचं वर्णन करत होतो.

पॅथवाली म्हणाल्या की लिव्हरची चांदणी वण करताना चांदणी राहत नाही. माझी तर मुळात चांदणी नव्हतीच.

आणखी एक घर राहिलं. स्वादुपिंडातही तारकापेशी असतात, १९९८ मध्ये वेगळ्या काढता आल्या. त्या मात्र लिव्हरवालीच्या सख्ख्या वाटाव्यात अशा, 'अ' साठवणाऱ्या. तिथल्या कर्करोगाची गाठ दगडासारखी कडक लागते त्यात त्यांचा मोठा हात.

मीनल_के
मंगळवार, दुपारी ३.००

अवांतर असेल तर उडवा. मला उलट त्रास आहे, वण थांबतच नाही. कानाच्या पाळीला दुसरं भोक पाडलं, सहा महिन्यांत हरभऱ्याएवढी गाठ. एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) कापून दिली, 'मुळापासून काढली' म्हणाले. वर्षभरात बोराएवढी होऊन परत आली. आता केसांनी झाकते. लग्नाच्या फोटोंत माझा एकच कान आहे.

पॅथवाली
मंगळवार, रात्री ९.१०

अवांतर कसलं, हाच तर विषय. हा कीलॉइड. जखमेच्या हद्दीत राहून नुसता जाडावतो तो हायपरट्रॉफिक वण, तो पुष्कळदा हळूहळू बसतो. हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीत घुसतो तो कीलॉइड. फ्रेंच त्वचातज्ज्ञ अलिबेर यांनी खेकड्याच्या नांगीवरून नाव दिलं, आणि कडा बघितली की पटतं. पाळी, खांदा, छातीचा मधला भाग या त्याच्या आवडत्या जागा.

नुसता कापला तर निम्म्याहून जास्त वेळा परत येतो, कारण कापणं म्हणजे त्याच्यासाठी नवी जखम. तुमचं चुकलं नाही, अर्धेच उपचार झाले. गाठीत ट्रायामसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं, गरज पडली तर कापून पाठोपाठ इंजेक्शनं किंवा रेडिएशन, आणि पाळीला दाब देणारे क्लिपसारखे झुमके मिळतात ते. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडे जा. आणि घरात मुलीचे कान टोचायचे असतील तर आधी त्यांना विचारा, हे घराण्यात उतरतं.

सुईदोरा
मंगळवार, रात्री ९.४०

म्हणजे शिंपी थांबायचं विसरला.

पॅथवाली
मंगळवार, रात्री ९.४२

शिंप्याला 'झालं, आता उठ' म्हणणारं कुणी नाही, असं म्हणा.

रामबागकर
आठ महिन्यांनी, रविवार, सकाळी ११.००

धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा होता.

वजन ८६ होतं, आता ७९. रोज सकाळी नेहरू पार्कात पाऊण तास, पावसाळ्यात घरातल्या जिन्यावर. साखर बंद. कॉफी बिनसाखरेची, ती लिव्हरला चांगली म्हणून डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितली, तेवढाच आनंद. पोहे आहेत, जलेबी नाही. शेव चिमूटभर, बायको मोजून टाकते आणि डबा मेथ्यांच्या बरणीमागे ठेवते. मला माहीत आहे हे तिला माहीत नाही.

परवा पुन्हा फायब्रोस्कॅन. तोच मुलगा, तोच दांडा, त्याच बरगडीची खाच. यावेळी मी मान वळवून पडद्यावरची रेघच बघत होतो. थोडी आडवी झाल्यासारखी वाटली, पण म्हटलं मनाचे खेळ. आकडा आला ६.७.

पॅथवाली
रविवार, दुपारी १२.३०

काका, मनापासून अभिनंदन. जरा थंड पाणी ओतते. आकडा उतरला त्यात सूज आणि चरबी कमी झाल्याचाही वाटा असतो, सगळा वणच गेला असं समजू नका. वजन दहा टक्क्यांपर्यंत उतरलेल्यांमध्ये वण मागे हटलेला सगळ्यात जास्त दिसतो, तुम्ही आठवर आहात. आणि त्या शांत झालेल्या चांदण्या लवकर भडकतात, विसरला नाहीत ना?

रामबागकर
रविवार, दुपारी १२.४५

माहेरी जाऊन आलेली सून. लक्षात आहे. अजून दीड-दोन किलो, दिवाळीच्या आत.

भियाजी
रविवार, दुपारी १.१०

मीही करून आलो सोनोग्राफी, घरी सांगितलं नाही. ग्रेड वन. काका, नेहरू पार्कात किती वाजता असता?

रामबागकर
रविवार, दुपारी १.१५

पावणेसहाला, पाण्याच्या टाकीकडच्या फाटकाशी. उशीर केलास तर मी निघून जातो.

अबोल_भाऊ
रविवार, रात्री ११.३०

सुईदोरा ताई, चादरीला नाड्या बांधल्या होत्या. आठ महिन्यांत एकही बेडसोअर नाही. आईच्या हातात बांगड्या आहेत.